राहिलेला एक फोन

वाचकाचं पत्र

नमस्कार. माझे बाबा गेल्या वर्षी वैशाखात गेले. 73 वर्षांचे होते. 1969 मध्ये नौदलात भरती झाले, लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर ट्रेनिंग झालं आणि मग 21 वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. चीफ पेटी ऑफिसर, म्हणजे नौसैनिकांमधल्या वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाल्यावर एका कारखान्यात बॉयलरवर नोकरी केली. 1994 पासून ते फ्रीमेसन होते, म्हणजे एका जुन्या बंधुसंघटनेचे सभासद; तिच्या शाखेला लॉज म्हणतात. घरात आम्ही 'लॉज' हा शब्द वापरायचो नाही, शेजारीपाजारी भलताच अर्थ काढायचे. आई 'मीटिंग' म्हणायची. महिन्यातून एका संध्याकाळी काळा सूट घालून जायचे आणि रात्री उशिरा यायचे. काय केलं विचारलं की नुसते हसायचे.

आता वर्षश्राद्ध आलंय. त्या दिवशी नातेवाइकांना द्यायला मला बाबांवर 16 पानांची पुस्तिका करायची आहे. दादा म्हणतो, 1971 च्या युद्धातल्या कराचीवरच्या हल्ल्यात बाबा होते असं लिही आणि लॉजचं नावही काढू नकोस. फ्रीमेसन लोकांबद्दल त्याला व्हॉट्सअॅपवर काहीबाही आलंय. मला मात्र बाबा सांगायचे ते आठवतं, की त्यांचं जहाज तेव्हा मुंबईत गोदीत दुरुस्तीला लागलं होतं.

त्यांच्या काळ्या ट्रंकेत पदकं सापडली आणि मऊ कपड्यात गुंडाळलेला एक पांढरा चामड्याचा एप्रन. बाबांनी आईला सांगून ठेवलं होतं, माझ्यामागे लॉजच्या सेक्रेटरीला फोन करा. तो आम्ही केलाच नाही. तेराव्याला एक खूप म्हातारे गृहस्थ भर उन्हात काळा सूट घालून आले. पेपरात वाचून आलो म्हणाले. फोटोपुढे एक हिरवी डहाळी ठेवली. दादा त्यांच्याशी धड बोलला नाही, ते चहाही न घेता गेले. डहाळी दुसऱ्या दिवशी निर्माल्यात गेली.

आणखी एक. दरवर्षी 9 डिसेंबरला बाबा रात्री जेवायचे नाहीत. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. आम्हाला वाटायचं, असेल कसला तरी उपास.

मी काय लिहू? आता वाटतं, मी त्यांना ओळखतच नव्हते.

— एक मुलगी, ठाणे

उत्तर

ताई, तुमचं पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती 9 डिसेंबरपाशी. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे 40 सागरी मैलांवर आपली आयएनएस खुकरी ही फ्रिगेट जातीची युद्धनौका बुडाली. पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीचा टॉर्पेडो लागला आणि काही मिनिटांत ती फ्रिगेट पाण्याखाली गेली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दीवला समुद्राकडे तोंड करून तिचं स्मारक उभं आहे.

तुमचे बाबा तेव्हा विशीतले होते. नुकतं ट्रेनिंग संपवून जहाजावर गेलेली ती सगळी पोरं एकमेकांना ओळखणारी. लोणावळ्याला ज्याच्या शेजारच्या कॉटवर झोपलो, तो पुढे कुठल्या जहाजावर गेला हे प्रत्येकाला ठाऊक असायचं. आणि इंजिनरूम जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीच्या खाली. इतक्या झटपट जहाज बुडताना तिथल्या माणसाला शिड्या चढून वर यायला किती वेळ मिळत असेल, हे दुसऱ्या जहाजाच्या इंजिनरूममधल्या माणसाइतकं कुणाला कळणार?

बाबा त्या रात्री कुणासाठी बसत होते हे मी सांगू शकत नाही. कुणीतरी एक माणूस असेल, किंवा 194 जण असतील. पण तारीख योगायोगाने जुळली असेल असं मला वाटत नाही. आईला विचारा. बाबांच्या बॅचचं कुणी हयात असेल तर त्यांना विचारा. कुणीच काही सांगू शकलं नाही, तरी ती गॅलरी, ती खुर्ची, न वाढलेलं ताट आणि ती तारीख, एवढं जसंच्या तसं लिहा. वाचणाऱ्याला पुरेल. ज्या माणसाच्या 9 डिसेंबरच्या रात्री तुम्ही इतकी वर्षं पाहत आलात, त्याला ओळखत नव्हते असं म्हणू नका. तुम्ही पाहिलंत, फक्त त्यामागचं कारण ठाऊक नव्हतं.

यातच दादाच्या कराचीचं उत्तर आहे. 4 डिसेंबर हा नौदल दिन. त्या रात्री निर्घात, निपात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र बोटी कराचीवर गेल्या. पराक्रम मोठा आणि खरा, म्हणूनच आपलं माणूस त्यात असावं असं दादाला वाटतंय. बाप गेल्यावर मुलगा असं करतो, त्यात लबाडी नसते. पण तसं छापू नका. त्या बोटी लहान, त्यांवरची माणसं मोजकी. बाबांचा एखादा जुना सोबती पुस्तिका उघडेल आणि त्याच ओळीवर अडकेल, मग पुढच्या खऱ्या पानांवरही त्याचा विश्वास बसणार नाही. शिवाय गोदीत उभ्या जहाजाच्या इंजिनाला युद्धाच्या दिवसांत दिवसरात्र भिडलेली माणसं काय कमी होती का? जहाज लवकर समुद्रात जावं म्हणून हाताला फोड येईपर्यंत काम करायचं, आणि बाहेर कोण गेलं, कोण परत आलं नाही हे गोदीतच ऐकायचं. 9 तारखेची बातमी बाबांनी बहुधा अशीच ऐकली असेल. दादाला हे समजावून सांगा. मला वाटतं, त्यालाही कराचीपेक्षा ही गोष्ट जवळची वाटेल.

पदकं नीट उजेडात घेऊन बघा. कडेवर किंवा मागे सहसा नाव आणि सर्व्हिस नंबर कोरलेला असतो. 1971 च्या युद्धाची पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल अशी वेगवेगळी पदकं आहेत. बाबांच्या रिबिनीच्या पट्टीवर यातलं काय आहे, ते कुणा माजी नौसैनिकाकडून वाचून घ्या. ट्रंकेत डिस्चार्जचे कागद असतील तर कोणत्या वर्षी कोणतं जहाज होतं ते त्यात मिळेल. नसतील तर नौसैनिकांच्या नोंदी मानखुर्दच्या चिता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. सर्व्हिस नंबर आणि आईची सही घेऊन तिथे अर्ज करता येईल. कसा करायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतील. तिथे जाल तेव्हा आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद पूर्ण आहेत ना, हेही विचारून या. पत्रात तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, आणि अशा घरांत ते काम बरेचदा दुःखाच्या गडबडीत मागे पडलेलं असतं.

आईला अजून एक विचारा: जुनी पत्रं आहेत का? जहाजावरच्या माणसाला पत्र पाठवायचं तर नाव, जहाजाचं नाव आणि खाली 'केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस, बॉम्बे' एवढाच पत्ता. जहाज कुठे आहे ते बायकोला माहीत नसायचं, पत्र मात्र पोहोचायचं. एखादं आंतर्देशीय जरी सापडलं, तरी त्याचा फोटो पुस्तिकेत एक पूर्ण पानभर छापा.

आता लॉज.

मी स्वतः मेसन नाही, बाबांच्या लॉजसारख्या लॉजमध्ये बायकांना प्रवेशही नसतो. पण माझ्या परिचयात दोन कुटुंबं आहेत जिथले वडील मेसन होते, आणि दोन्हीकडे मुलांना तुमच्या दादासारखीच धास्ती वाटायची. म्हणून जे उघड आहे तेवढं आधी सांगते. ग्रँड लॉज ऑफ इंडिया 1961 मध्ये दिल्लीत स्थापन झाली, ती उजळ माथ्याने काम करते. मुंबईत फोर्टमध्ये फ्रीमेसन्स हॉल आहे, दारावर चिन्ह आहे, रस्त्यावरून दिसतं. मुंबईचं नातं तर फार जुनं. 1843 मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी इथे 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज सुरू केलं, ते मुद्दाम भारतीय लोकांना सामील होता यावं म्हणून. कोलकात्यात 1884 मध्ये 'अँकर अँड होप' लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा एक तरुण दाखल झाला, तो पुढे विवेकानंद झाला. दादाला एवढं सांगितलं तरी त्याची अर्धी भीती जाईल.

उरलेल्या अर्ध्या भीतीसाठी हे: मेसन व्हायचं तर परमेश्वरावर श्रद्धा लागते, मग तो कोणत्या का नावाने असेना. शपथ आपापल्या धर्मग्रंथावर घेतात. आपल्याकडच्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरुग्रंथसाहेब असे ग्रंथ एकत्र ठेवलेले असतात. आत धर्मावर आणि राजकारणावर वाद घालायला बंदी. गुप्त ठेवतात ते एकमेकांना ओळखण्याच्या खुणा, शब्द आणि विधींचा तपशील. बाबा हसून गप्प बसायचे ते दिलेला शब्द पाळत होते. तुमच्यापासून काही लपवत होते असं मनात आणू नका.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. बाबा तिथे का रमले असतील?

मेसन म्हणजे मूळचा गवंडी. त्यांची सगळी चिन्हं गवंड्याच्या पेटीतली: गुण्या, ओळंबा, पाणसळ, कंपास. त्यातली पाणसळ समतेची खूण. लॉजच्या दारातून आत आल्यावर सगळे एका पातळीवर, सगळे 'ब्रदर'. आता बाबांचा आधीचा जन्म आठवा. जहाजावर अधिकाऱ्यांची वॉर्डरूम वेगळी, नौसैनिकांची मेस वेगळी, जेवण वेगळं, उठबस वेगळी. 21 वर्षं 'येस सर' म्हणण्यात गेली. लढाऊ जहाजावर ते लागतंच, त्याबद्दल बाबांची तक्रारही नसेल. पण तोच माणूस पन्नाशीकडे झुकताना एका खोलीत जातो आणि तिथे निवृत्त कमांडर, दुकानदार, डॉक्टर आणि कारखान्यातला बॉयलरवाला एकाच रांगेत बसतात, एकमेकांना ब्रदर म्हणतात. ज्येष्ठता असते, पण ती तिथे केलेल्या कामाची. आज शेवटच्या खुर्चीवर बसणारा काही वर्षांनी लॉजचा मास्टर, म्हणजे प्रमुख, होऊ शकतो. आपल्या माणसाला हे किती भावलं असेल, याचा विचार करा. तरीही जहाजावरची जी शिस्त अंगात भिनलेली, तीच इथेही हवीहवीशी वाटली असेल: ठरलेली वेळ, ठरलेला पोशाख, पाठ केलेले शब्द, आपली जागा आणि आपलं काम. जहाज सुटल्यावर अशी जागा शोधणारे माजी सैनिक मी पाहिलेत. काहींना सापडते. काही सकाळपासून रात्रीपर्यंत टीव्हीपुढे बसून राहतात.

हा माझा अंदाज आहे, आणि तो तपासून बघता येईल. त्यासाठी तो राहिलेला फोन करायला हवा.

पुस्तिकेच्या आधी, कुठल्याही लिखाणाच्या आधी, तो फोन करा. बाबांनी आईला सांगून ठेवलं होतं, म्हणजे ही त्यांची इच्छा होती. लॉजबद्दल लिहू की नको हा प्रश्न तिथेच सुटला, त्यांना ते जगापासून झाकायचं असतं तर त्यांनी हे सांगितलंच नसतं. एक वर्ष झालं म्हणून लाजू नका. बाबांच्या जुन्या डायरीत सेक्रेटरींचा नंबर असेल, नाहीतर लॉजचं नाव आणि क्रमांक घेऊन फ्रीमेसन्स हॉलमध्ये चौकशी करा. फोनवर फार काही बोलायचं नाही. 'मी अमक्यांची मुलगी. बाबांनी तुम्हाला कळवायला सांगितलं होतं, आमच्याकडून राहिलं, माफ करा. तेराव्याला एक वयस्कर गृहस्थ आले होते, त्यांना भेटायचंय.' एवढंच.

ते गृहस्थ त्या उन्हात काय घेऊन आले होते, ते आता सांगते. मेसन लोकांच्या अंत्यविधीत अकेशियाची डहाळी ठेवतात. नसेल तर जी सदाहरित झाडाची मिळेल ती. अकेशिया म्हणजे आपल्या बाभळीच्याच गोतातलं झाड. त्यांच्या एका जुन्या कथेत मारल्या गेलेल्या मुख्य कारागिराच्या कबरीची जागा अशा डहाळीवरून सापडते, आणि म्हणून ती आत्मा मरत नाही याची खूण. इतका म्हातारा माणूस पेपरात चार ओळी वाचतो, डहाळी शोधतो, सूट घालतो, आणि जिथे कुणी बोलावलेलं नाही अशा घरी येऊन ती फोटोपुढे ठेवतो. निर्माल्यात गेली त्याचं मनाला लावून घेऊ नका, तुम्हाला ठाऊक नव्हतं. पण त्यांना जाऊन भेटा, आणि जमलं तर दादाला बरोबर न्या. चहा राहिलाय.

भेटाल तेव्हा खुणांबद्दल आणि विधींबद्दल विचारू नका, त्यांना संकोच होईल. माणसाबद्दल विचारा. बाबांना लॉजमध्ये कुणी आणलं? पहिल्या दिवशी ते कसे दिसत होते? कोणत्या पदांवर काम केलं? कुणाच्या आजारपणात, कुणाच्या मुलाच्या फीसाठी धावले का? मदत करणं हे त्यांच्या तीन मुख्य तत्त्वांपैकी एक आहे, आणि ती मदत बहुधा गाजावाजा न करता होते. त्यामुळे घरच्यांना माहीत नसलेली एखादी गोष्ट इथे निघेल असं मला वाटतं. बैठकीनंतर जेवायला बसल्यावर बाबा काय बोलायचे? जहाजाच्या गोष्टी सांगायचे का? 9 डिसेंबरबद्दल तिथे कुणाला माहीत आहे का? शक्य आहे की घरी जे बोलले नाहीत ते तिथे एखाद्या संध्याकाळी बोलले असतील. तसं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका. काही गोष्टी माणूस बायकोमुलांसमोर काढत नाही, त्यांना त्रास नको म्हणून.

पुस्तिकेबद्दल थोडं. माझे काका गेले तेव्हा शोकसभेत 11 जण बोलले. प्रेमळ, शिस्तप्रिय, मनमिळाऊ, निगर्वी. काकूंनी घरी आल्यावर मला विचारलं, 'हे कुणाबद्दल बोलत होते गं?' तेव्हापासून मी कुणालाही सांगते, विशेषणं लिहून झाली की खोडा आणि त्याजागी त्या माणसाने केलेली एक गोष्ट लिहा. इंजिनरूमच्या माणसाबद्दल तर किती लिहिता येईल! त्यांना ऐकू कमी यायचं का? आयुष्यभर इंजिनांच्या आवाजात काम केलेल्या अनेकांना कमीच येतं. घरातला पंखा बंद पडला तर जागे व्हायचे का? जहाजावर झोपेत आवाज थांबला की काहीतरी बिघडलंय, ही सवय हाडात मुरते. पहाटे चारला उठायचे का? रात्री 12 ते पहाटे 4 ही मिडल वॉच, चारला पाळी बदलते. नळाचा वॉशर बदलताना, कुकरची शिट्टी ऐकताना, स्कूटर सुरू होताना कान कसा लावायचे? तुम्हाला यातलं पुष्कळ माहीत असणार. फक्त त्याला 'बाबांचं आयुष्य' म्हणायचं हे सुचलेलं नसतं.

पानांची विभागणी वगैरे मी सांगणार नाही, ते तुमचं तुम्हाला जमेल. सैन्याचं एक पान, लॉजचं एक पान, घराचं एक पान असे कप्पे मात्र करू नका. इंजिनरूममध्ये राबणारा, एप्रन मऊ कपड्यात गुंडाळून ठेवणारा आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसणारा माणूस एकच होता, ते एकत्रच येऊ द्या. दादाचं एक पान असू दे, त्याच्या सहीने, त्याला वाटेल ते. कराची सोडून.

एप्रनचं काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. काही ठिकाणी तो माणसाबरोबरच देतात, काही घरं जपून ठेवतात, काही लॉजला परत करतात. त्या आजोबांना विचारा आणि आईला काय वाटतं ते बघा. तोवर ट्रंकेत ठेवलात तर प्लास्टिकच्या पिशवीत नको, आपल्या हवेत चामड्याला बुरशी धरते. बाबांनी ज्या कपड्यात गुंडाळला होता, त्यातच राहू द्या.

वर्षश्राद्धाला त्या आजोबांना बोलवा. काळ्या सुटात येतील, बसायला पंख्याखालची खुर्ची ठेवा. दोन शब्द बोलायची विनंती करा, नको म्हणाले तर आग्रह नको. आणि त्यांनी पुन्हा डहाळी आणली, तर या वेळी ती फोटोपुढे वाळू द्या, मग पुस्तिकेच्या पहिल्या प्रतीत ठेवा.